बाईंनी सांगितलंय

"बाई, तुमचं घर विकायचं आहे का?"

शाळेच्या सभागृहात मागच्या रांगेत कुणाच्या तरी हातातून पाण्याची बाटली पडली आणि गडगडत थेट स्टेजपर्यंत गेली. ती थांबेपर्यंत सगळे तिच्याकडेच बघत होते.

झालं होतं असं, की मोठ्या बाई त्या दिवशी निवृत्त होत होत्या. छत्तीस वर्षं त्यांनी भूमिती शिकवली, त्यातली सोळा मुख्याध्यापिका म्हणून. निरोपाचं भाषण संपवताना त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, आज कुणीही मला काहीही विचारावं. छत्तीस वर्षांत अशी मुभा पहिल्यांदाच मिळत होती, त्यामुळे हात वर करायची कुणाची टाप नव्हती. तेव्हा नववीतल्या तीन मुलींनी मधे बसलेल्या चौथीला दोन्ही बाजूंनी कोपरं मारली. विचार की. एवढ्या बाता मारतेस ना? मग विचार.

चौथी म्हणजे आपली टकळी. हे अर्थात तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. गेल्या वर्षीपर्यंत ही मुलगी हजेरीला "हजर" म्हणायचं असलं तरी शेजारणीकडून म्हणवून घ्यायची. मग वक्तृत्व स्पर्धेत तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं आणि नळाचा वॉशर जो गेला तो गेलाच. तेव्हापासून तोंडाची टकळी अखंड चालू.

आणि सध्या तिला बोलायला विषयही तसाच मिळाला होता. तिची आई धंद्यात उतरत होती! जुनं घर घ्यायचं, दुरुस्त करून नव्यासारखं करायचं, नफ्यात विकायचं, की दुसरं घ्यायचं. टकळीने शाळेत जाहीर केलं होतं, की पाच वर्षांत अर्धं गाव आमच्या हातून नवं होऊन निघेल. प्रत्यक्षात दोन महिने पायपीट करून आईला एकही घर परवडलं नव्हतं. म्हणून मैत्रिणींनी हा डाव टाकला होता. गावातलं सगळ्यात पडकं घर कुणाचं? मोठ्या बाईंचं. मग विचार त्यांनाच.

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. टकळीला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हो," त्या म्हणाल्या. "आईवडिलांना रविवारी दहाला पाठव. दहा म्हणजे दहा."

त्या रविवारी दहाला पाच कमी असताना तिघं फाटकाशी उभी होती. टकळीची आई फरशीच्या दुकानात काउंटरवर होती, चौदा वर्षं. कुठली फरशी कुठे बसवायची हे तिला झोपेत विचारलं तरी सांगता यायचं. मालकाला ते सगळं तिनेच शिकवलं होतं, आणि मालक आता तेच गिऱ्हाइकांसमोर तिला समजावून सांगायचा. ही एक गोष्ट तिला रोज खुपायची. तिने तीन महिन्यांची बिनपगारी रजा टाकली होती. तेवढ्यात घर घेऊन, दुरुस्त करून, विकलं गेलं, तर पुन्हा त्या काउंटरमागे उभं राहायचं नाही. नाही विकलं गेलं, तर रजा संपल्यावर सोमवारी सकाळी नऊला हजर. मालकाने रजेच्या अर्जावर सही करताना हसून सांगितलं होतं, की तुमचं स्टूल कुणाला देत नाही हो, येणारच आहात तुम्ही.

बाबा घड्याळं दुरुस्त करायचे. कुठल्याही गोष्टीकडे ते आधी एक डोळा मिटून बघत. बाईंच्या घराकडे बघताना मात्र त्यांनी दोन्ही मिटले.

बाईंनी हातात पट्टी घेऊन घर दाखवलं. दोष त्यांनी स्वतःच सांगितले, आकडे घालून. एक, छप्पर गळतं. दोन, वायरी लोंबतात. तीन, पुढच्या खोलीची एकच भिंत रंगवलेली आहे, कारण रंगारी दुपारी जेवायला म्हणून गेला त्याला आता सात वर्षं होतील. चार, बाथरूमचा उतार उलटा आहे, पाणी जाळीकडे न जाता दाराकडे येतं. बाबांनी धीर करून विचारलं, की मग दुरुस्त का नाही करून घेतलं?

"कारागीर येत नाहीत," बाई म्हणाल्या. "येतो म्हणतात. फाटकापर्यंत येतातही. आत येत नाहीत."

घरी परतताना आई म्हणाली, हल्लीचे कारागीर आळशीच झालेत. बाबाही म्हणाले, आळशीच. आता दोघंही या गावची नव्हती, लग्नानंतर आलेली. गावातल्या कुणालाही विचारलं असतं, तर खरं कारण समजलं असतं. पण त्यांनी कुणालाच विचारलं नाही, आणि टकळीला विचारायची तर कुणाची पद्धतच नव्हती, कारण ती न विचारताच सांगायची. नेमकं हेच तेवढं तिलाही माहीत नव्हतं.

घर घेतलं. बाई आपल्या बहिणीकडे राहायला गेल्या.

पहिला आला गवंडी. धिप्पाड माणूस, मिशा अशा की त्यांवर थापी ठेवली तर खाली पडणार नाही. आईशी फोनवर मोठ्या रुबाबात बोलला. पत्ता हातात पडल्यावर मात्र फाटकाबाहेरच थांबला. चपला रस्त्यावर काढून ठेवल्या. मग मान आत घालून हळूच विचारलं, "बाई आहेत?"

आईने सांगितलं, बाईंनी घर विकलं, आता हे आमचं. तरी तो चवड्यांवर चालत आत आला आणि दिवसभर कुजबुजत्या आवाजात विटा मागत राहिला. मग प्लंबर आला, तोही तसाच. मग वायरमन, मग फरशीवाला. रंगारी आला आणि एकुलत्या एका रंगवलेल्या भिंतीपुढे मान खाली घालून उभा राहिला, कारण सात वर्षांपूर्वी जेवायला गेलेला तो हाच.

तेव्हा कुठे आईच्या लक्षात आलं. गावात शाळा एक. त्या शाळेत भूमितीला बाई एक. गावातला पंचवीस ते पन्नास वयाचा प्रत्येक माणूस त्यांच्या हातची पट्टी खाऊन मोठा झाला होता. हे लोक छपरावर चढायला घाबरत नव्हते, विजेच्या तारेला घाबरत नव्हते. घाबरत होते ते फक्त, बाई मागून येऊन वही बघतील याला.

आणि बाई आल्या. दुसऱ्याच दिवशी, दहाच्या ठोक्याला.

आईने नम्रपणे विचारलं, काही राहिलंय का तुमचं? बाई म्हणाल्या, घर विकलंय, सवय विकलेली नाही. मग त्यांनी एक रिकामी बादली पालथी घातली, तिच्यावर रुमाल पसरून बसल्या, आणि घरातली पाचही कारागीर माणसं हातातलं काम टाकून उभी राहिली.

"बसा," बाई म्हणाल्या. ते बसले. आता प्लास्टर करणारा माणूस बसून काय करणार? पण उठायला कुणी सांगितलंच नव्हतं.

त्या दिवसापासून आई घराची मालकीण फक्त कागदावर राहिली. कारागीर तिच्याकडे बघत, ऐकत, मान डोलवत आणि मग बादलीकडे बघत. बादलीवरून मान हलली की काम पुढे. प्लंबर बाहेर जाताना बाईंकडे बघून करंगळी वर करी. बाईंच्या हातात लाल पेन्सिल असे. गिलाव्यात जिथे फुगवटा दिसेल तिथे त्या गोल काढत आणि गवंडी एक शब्द न बोलता तेवढं उकरून पुन्हा करायला घेई. पुढच्या खोलीची एक भिंत तर तीनदा झाली. तिसऱ्यांदा बाईंनी गोल काढला नाही, तेव्हा तो मिशीवाला माणूस कोपऱ्यात जाऊन डोळे पुसत होता.

आईला स्वयंपाकघर आणि पुढची खोली यांच्यामधली भिंत पाडायची होती. म्हणजे प्रकाश आत येईल, घर मोठं वाटेल. गवंड्याने घण उचलला आणि बादलीवरून प्रश्न आला, की हे तुला कुणी सांगितलं? त्याने वर्गात नाव सांगावं तसं बोट करून आईला दाखवलं. बाई म्हणाल्या, मग त्यांना कारण सांगू दे. आई, जी चौदा वर्षं मालकासमोर गप्प बसली होती, ती चक्क समोर उभी राहिली आणि तिने दहा मिनिटं कारणं दिली. खिडकी कुठे, ऊन किती वाजता कुठे येतं, फरशी कुठली घालायची म्हणजे ते ऊन आतपर्यंत पोचेल, सगळं. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं.

"कारण पटलं," त्या म्हणाल्या. "पाड रे."

आई त्या दिवशी घरी गुणगुणत आली. बाबांनी तिला इतक्या वर्षांत गुणगुणताना ऐकलं नव्हतं, त्यांना वाटलं रेडिओ लागलाय. ती म्हणाली, अहो, मी तिथे जे सांगते ते कुणीतरी शेवटपर्यंत ऐकतं. आता मला त्या दुकानात नाही जमायचं.

पण दोन महिने संपत आले होते आणि घर अर्धंच झालं होतं. प्रत्येक गोष्ट तीनदा करायची म्हटल्यावर दुसरं काय होणार?

अशा ऐन वेळी बाईंच्या बहिणीचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि बाई आठ दिवस येणार नाहीत असा निरोप आला. कारागिरांनी तो निरोप ऐकला आणि सगळं घर एकदम सैल झालं. वायरमन शिट्टी वाजवायला लागला. रंगारी जेवायला जायच्या तयारीला लागला, सकाळी साडेदहाला. आईला नळ-बेसिन आणायला रोज बाहेर जावं लागे, म्हणून शाळा सुटल्यावर देखरेखीला टकळी.

पहिल्या दिवशी तिला कुणी भीक घातली नाही. दुसऱ्या दिवशी रंगारी दाराबाहेर पडत होता तेव्हा तिच्या तोंडून सहज निघून गेलं, "काका, खिडक्या आजच संपवायच्या आहेत. बाईंनी सांगितलंय."

रंगारी उंबऱ्यावरून मागे फिरला. त्या दिवशी खिडक्याच काय, दारंही झाली.

टकळीला जादूची कांडी सापडल्यासारखं झालं. बाईंनी सांगितलंय, वायरी भिंतीच्या आतून घ्या. बाईंनी सांगितलंय, कचरा आजच उचला. बाईंनी सांगितलंय, पोरांसाठी आइस्क्रीम आणा! हे शेवटचं जरा जास्त झालं, पण प्लंबरने तेही आणलं, आणि दोन फ्लेवर आणले, कारण बाईंना कुठला म्हणायचा होता याची त्याला खात्री नव्हती. जे काम दोन महिन्यांत हललं नव्हतं ते सहा दिवसांत धावायला लागलं. आई थक्क. बाबा म्हणाले, मुलीत पुढारीपण आहे. मुलीने ते लगेच मैत्रिणींना कळवलं.

सातव्या दिवशी फरशीवाल्याने बाथरूमच्या दारातून डोकं बाहेर काढून विचारलं, की ताई, उतार किती द्यायचा?

आता खरं तर इथे, आईला विचारून सांगते, एवढंच म्हणायचं होतं. पण टकळीचा आत्मविश्वास नवा होता, आणि नवी गोष्ट माणूस सारखी वापरून बघतोच. तिने दप्तरातून कोनमापक काढला. विचार केला, की बाईंची तक्रार काय होती? पाणी दाराकडे येतं. म्हणजे उतार भरपूर हवा, पण फार नको. नव्वद अंश म्हणजे सरळ उभी भिंत. त्यातले पंधरा म्हणजे काय, काहीच नाही.

"पंधरा अंश," ती म्हणाली.

फरशीवाला घुटमळला. तो उतार देई तो बोटाने मोजून, दारापासून जाळीपर्यंत मिळून एखादं बोटभर. अंश म्हटल्यावर त्याला आठवी आठवली. त्याने विचारलं, की पंधरा नक्की? टकळी म्हणाली, बाईंनी सांगितलंय. मग त्याने पुढे काही विचारलं नाही. तिने कोनमापक भिंतीला लावून रेघ ओढून दिली आणि त्याने त्या रेघेवर फरशी बसवली, अतिशय सुबक, एकही सांधा वाकडा नाही.

आईने दुसऱ्या दिवशी दारातूनच बघितलं, कारण सांधे ओले होते आणि आत पाय ठेवायचा नव्हता. निळसर फरशी, तिनेच निवडलेली. "वा," एवढंच म्हणाली. तिला फरशीचा रंग दिसत होता, चढउतार नाही. नळाला पाणी अजून जोडायचं होतं. दाराला कुलूप लागलं आणि आई गिऱ्हाइकांच्या मागे लागली, कारण आता हातात उरले होते चौदा दिवस.

घर मात्र देखणं झालं होतं. सकाळचं ऊन पाडलेल्या भिंतीच्या जागेवरून थेट स्वयंपाकघरातल्या ओट्यापर्यंत जाई. गिऱ्हाइकं आली, फाटकातच खूश झाली. आत आली, पुढच्या खोलीत बसली, आणि बसल्यावर काय होई कुणास ठाऊक, त्यांच्या पाठी आपोआप ताठ होत. मेडिकलवाला आपल्या बायकोला घेऊन आला. तिला घर आवडलं, त्यालाही आवडलं. तेवढ्यात दहा वाजले आणि बाई नेहमीप्रमाणे बघायला आल्या. त्यांनी त्याला ओळखलं. म्हणाल्या, तू तो ना, प्रमेय अर्धं सोडून गेलेला? तो म्हणाला, हो बाई, आलोच. आणि गेला. बायको तिथेच राहिली, तिला बाबांनी रिक्षा करून दिली. त्यानंतर शिंपी आला, बेकरीवाला आला, पतपेढीचा मॅनेजर आला. बाई रोज येतात हे समजलं की सगळ्यांना एकदम बाहेर काहीतरी काम आठवे.

आईने बाईंना, तुम्ही जरा दोन आठवडे येऊ नका, असं सांगायचं ठरवलं. तीनदा ठरवलं. तिन्ही वेळा समोर गेल्यावर तिने चहा विचारला.

शेवटच्या शनिवारी एक परगावचा गृहस्थ आला. नुकतीच इकडे बदली झालेला. त्याने ही शाळा पाहिलेली नव्हती, बाई पाहिलेल्या नव्हत्या. बाई पालथ्या बादलीवर बसल्या होत्या तर याने त्यांना, आजी, तुम्ही पण घर बघायला आलात का, असं विचारलं. कारागिरांच्या तोंडचं पाणी पळालं. बाई मात्र चक्क हसल्या. त्याने सगळं घर पाहिलं, ओट्यावर हात फिरवला, उन्हाकडे बघत उभा राहिला. आईला म्हणाला, की हे कुणी ठरवलं, भिंत काढायचं? आई म्हणाली, मी. तो म्हणाला, मला पसंत आहे, सोमवारच्या आत बोलून टाकू. फक्त जरा हात धुतो.

नळाचं पाणी त्याच दिवशी सकाळी जोडलं होतं.

त्याने नळ सोडला, भरलेली बादली खाली ठेवली आणि साबण घ्यायला वळला. बादली निघाली. आधी हळू, संकोचल्यासारखी, मग चांगला वेग घेत ती जाळीकडे चालू लागली. तो तिला धरायला एक पाऊल पुढे गेला आणि त्यालाही उतार लागला. बाहेर बसलेल्यांना ऐकू आला तो आधी बादलीचा आवाज, मग बराच वेळ घसरण्याचा, मग पाणी. लागलं त्याला कुठे नाही. तो जाळीवर नीट बसलेला सापडला, बादली मांडीवर. पण भिजलेल्या कपड्यांनी बाहेर येताना त्याने कुणाकडे पाहिलं नाही. फाटकाशी पोचल्यावर एवढंच म्हणाला, की मला गुडघ्यांचा त्रास आहे.

बाई बाथरूमच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी विचारलं, "हा पंधरा अंशांचा उतार कुणाचा?" नुसत्या नजरेने मोजला होता.

फरशीवाला रडकुंडीला आला. म्हणाला, बाई, तुम्हीच सांगितलात ना? मग रंगारी म्हणाला, खिडक्याही तुम्हीच. वायरमन म्हणाला, वायरी. प्लंबर अगदी हळू म्हणाला, आणि आइस्क्रीम. मग सगळे मिळून टकळीकडे बघायला लागले. तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच असं झालं, की सगळं घर तिच्या बोलण्याची वाट बघतंय आणि तिला एक शब्द सुचत नाहीये.

रविवारी संध्याकाळी घरात इस्त्रीचा वास होता. आई दुकानात घालायचे कपडे काढून इस्त्री करत होती. एकच बाही चौथ्यांदा. बाबा समोर एक उघडलेलं घड्याळ घेऊन बसले होते आणि ते काही जुळवत नव्हते. टकळी भिंतीला टेकून बसली होती, गेल्या चोवीस तासांत तिने अकरा शब्द उच्चारले होते, आणि त्यांतले बरेचसे "नको" होते.

दार वाजलं. बाई आत आल्या, खुर्चीवर बसल्या आणि उगाच कुणाला ताटकळत न ठेवता मुद्द्यावर आल्या. ते घर मी परत घेते. फाटकावरच्या विक्रीच्या पाटीवर जो आकडा लिहिलाय तोच देते.

आईच्या हातातली इस्त्री तशीच अधांतरी राहिली.

"मी घर विकलं, कारण सात वर्षं एक कारागीर आत पाऊल ठेवेना," बाई म्हणाल्या. "तुम्ही सगळ्यांना आणलंत, काम करून घेतलंत. आता विकायला काही कारण उरलं नाही. बहिणीकडे सगळं बरोबर असतं हो. दिवसभर करायला काही नसतं." मग त्यांनी आईकडे पाहून जरा वेगळ्या आवाजात सांगितलं, की भिंत काढायचं तुमचं ठरवणं फार चांगलं होतं. मला छत्तीस वर्षांत सुचलं नाही.

बाथरूम अर्थातच उकरून नव्याने करून द्यायचं होतं. त्याला आई हो म्हणाली. पण बाईंची आणखी एक अट होती. त्यांनी पट्टीने भिंतीला टेकलेल्या मुलीकडे निर्देश केला. "पंधरा अंश म्हणजे काहीच नाही, असं हिला वाटतं. हिला असंच सोडलं तर मला त्या घरात झोप लागणार नाही. रोज संध्याकाळी सहा ते सात, माझ्याकडे भूमितीला. दहावी होईपर्यंत."

दहावी व्हायला दीड वर्ष होतं. रोज सहा ते सात. ज्या तासाला ती आणि तिघी मैत्रिणी पाण्याच्या टाकीच्या पायऱ्यांवर बसून जगाचे निर्णय घेत, तोच तास.

"पाच मिनिटं देते," बाई उठल्या. "चर्चा करा. आवाज न करता." आणि बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसल्या.

आईने इस्त्रीची वायर काढली. नको, असं ती हळू आवाजात म्हणाली. पोरीची संध्याकाळ देऊन मला घर विकायचं नाही. तिने चूक केली, पण कामही तिनेच पळवलं. उद्या जाईन मी दुकानात. दुकान काही खायला उठत नाही. बाबा म्हणाले, बरोबर आहे. पण म्हणण्याआधी त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं नाही, म्हणजे ते मनापासून म्हणत नव्हते.

टकळीने आईच्या हातांकडे पाहिलं. सिमेंटने बोटांना भेगा पडल्या होत्या. गेले तीन महिने आईने रोज भेगांना तेल लावत लावत उद्या काय काय करायचं ते सगळ्यांना ऐकवलं होतं, आणि आज ती तेल न लावताच बाही दुमडत होती. टकळी उठली, फ्रॉक झटकला, घसा साफ केला.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "आई, तू उद्या दुकानात जायचं नाहीस. मी जाणार बाईंकडे. रोज, सहा ते सात."

आई काही बोलणार, तोच तिने हात वर केला, दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज एकदम खाली आणला.

"फक्त पुढचं घर दुसऱ्या गावात घ्या. जिथे मी शाळेत नाही अशा."